खुल्या पाण्यात लांब पल्ल्याचे पोहणे: शारीरिक दिव्यांगत्व असणाऱ्या जलतरणपटूंसाठी पूर्वतयारी

तलावात नियमितपणे पोहणारे, परंतु हातापायांचे, कण्याचे किंवा स्नायूंचे दिव्यांगत्व असणारे अनेक जलतरणपटू समुद्राकडे वळू लागतात तेव्हा त्यांच्यासमोर आणि त्यांच्या पालकांसमोर साधारणपणे तेच प्रश्न उभे राहतात: डॉक्टरांची परवानगी कोणत्या स्वरूपाची लागते, कृत्रिम पाय लावून पोहता येते का, सराव किती किलोमीटरपर्यंत वाढवावा आणि तलावाने किंवा स्पर्धेच्या संयोजकांनी प्रवेश नाकारला तर काय करावे. या प्रश्नांना मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. कोणी समुद्र दिव्यांगांसाठी नाही असे सरसकट सांगून मोकळा होतो, तर कोणी जिद्द असली की सर्व साध्य होते असे आश्वासन देतो. निर्णय घेण्यासाठी यांतले एकही उत्तर उपयोगी पडत नाही, कारण खरा प्रश्न त्या विशिष्ट शरीराला पाण्यात तिसऱ्या किंवा चौथ्या तासाला नेमके काय होते आणि त्यासाठी होडीवर कोणती व्यवस्था आहे हा असतो. पुढील मार्गदर्शन याच प्रश्नाभोवती रचले आहे. ते पोलिओ, अवयवच्छेदन, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी आणि जन्मजात अवयवदोष असणाऱ्या, किमान एक किलोमीटर न थांबता पोहू शकणाऱ्या वाचकांसाठी आहे.

पहिला निर्णय: कोणत्या नियमांखाली पोहायचे

अंतर ठरवण्याच्याही आधी आपण कोणत्या नियमांखाली पोहणार आहोत हे ठरवावे, कारण साधनांची मुभा, सरावाची पद्धत आणि शेवटी मिळणारी नोंद या तीनही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. इंग्लिश खाडीच्या परंपरेतून आलेल्या नियमांनुसार जलतरणपटूला बिनबाह्यांचा साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी आणि गॉगल एवढेच वापरता येते, अंगाला ग्रीस लावता येते, आणि किनारा सोडल्यापासून दुसऱ्या किनाऱ्याला लागेपर्यंत होडीला किंवा माणसाला आधारासाठी स्पर्श करता येत नाही. ऊब देणारा वेटसूट, तरंगण्यास मदत करणारे साधन, पायातील पंख किंवा कृत्रिम अवयव यांपैकी काहीही वापरले तर ते पोहणे ‘साहाय्यित’ ठरते. साहाय्यित पोहणे कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही. मात्र ते आधी जाहीर करावे लागते आणि त्याची नोंद वेगळी होते.

दोन्ही मार्गांची उदाहरणे उपलब्ध आहेत. पश्चिम बंगालचे मसुदुर रहमान वैद्य यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. त्यांनी १९९७ मध्ये इंग्लिश खाडी पार केली. फ्रान्सचे फिलिप क्रोइझाँ यांना विजेच्या धक्क्यामुळे चारही अवयव गमवावे लागले होते. त्यांनी २०१० मध्ये तीच खाडी पंख जोडलेले कृत्रिम पाय आणि श्वास घेण्याची नळी (स्नॉर्कल) वापरून पार केली. दोघांच्या सरावाचा भर वेगळा असणार हे उघड आहे, कारण एकाच्या बाबतीत जवळजवळ सर्व भार खांद्यांवर येतो, तर दुसऱ्याच्या बाबतीत मांड्या आणि कंबर हेच मुख्य इंजिन ठरते.

तिसरा पर्याय रिलेचा आहे आणि तो महाराष्ट्रात जेवढा विचारात घ्यायला हवा तेवढा घेतला जात नाही. रिलेमध्ये संघातील प्रत्येक जण ठरलेल्या क्रमाने एकेक तास पोहतो आणि उरलेला वेळ होडीवर असतो. २०१८ मध्ये मध्य प्रदेशचे सतेंद्रसिंह लोहिया, पश्चिम बंगालचे रिमो साहा, राजस्थानचे जगदीशचंद्र तेली आणि महाराष्ट्राचे चेतन राऊत या चार दिव्यांग जलतरणपटूंच्या संघाने इंग्लिश खाडी अशा रिलेने सुमारे साडेबारा तासांत पार केली. ज्यांच्या शरीराला सलग चार तासांपेक्षा अधिक काळ पाण्यात राहणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, त्यांनी एकट्याच्या मोहिमेचा हट्ट धरण्यापेक्षा रिलेसाठी तयारी करावी, हा सल्ला पूर्ण गांभीर्याने देण्यासारखा आहे. एक इशारा मात्र आवश्यक आहे: रिलेमध्ये दर काही तासांनी थंडावलेल्या शरीराने पुन्हा पाण्यात उतरावे लागते आणि ज्यांच्या स्नायूंत ताठरपणा येतो त्यांना सलग पोहण्यापेक्षा हेच अधिक जड जाऊ शकते.

स्पर्धात्मक वर्गीकरणाबद्दलही बराच गोंधळ दिसतो. पॅरालिम्पिक जलतरणात शारीरिक दिव्यांगत्वासाठी एस १ ते एस १० असे वर्ग असून अंक जितका लहान तितकी शारीरिक मर्यादा अधिक मानली जाते. हे वर्गीकरण तलावातील शर्यतींसाठी आहे आणि तेथील वैयक्तिक शर्यतींत सर्वांत मोठे अंतर ४०० मीटरचे असते. समुद्रातील मोहिमेसाठी अशा वर्गाची अट बहुतेक ठिकाणी नसते. तेथे वैद्यकीय प्रमाणपत्र, आधीच्या सलग पोहण्याचा साक्षांकित पुरावा आणि संयोजकांची संमती यांना महत्त्व असते.

वैद्यकीय तपासणी: ‘फिट’ एवढा शेरा पुरेसा नाही

‘पोहण्यास योग्य’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र संयोजकांच्या फायलीसाठी पुरते, जलतरणपटूसाठी नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा पुनर्वसन वैद्यकातील तज्ज्ञ आणि हृदयाची तपासणी करणारे डॉक्टर या दोघांकडे जाताना आपण किती तास, किती तापमानाच्या पाण्यात आणि कोणत्या साधनांसह पोहणार आहोत हे लिहून न्यावे व पुढील बाबींवर स्पष्ट उत्तर मागावे.

- मज्जारज्जूची इजा. इजेच्या पातळीखालील शरीर थंडीत कुडकुडत नाही आणि उष्णतेत घामही येऊ देत नाही, म्हणून तापमान दोन्ही दिशांनी लवकर बिघडते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर असेल तर आणखी एक धोका असतो. भरलेले मूत्राशय, घट्ट पोशाख किंवा जखम अशा साध्या कारणाने रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जातो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो आणि वरच्या अंगाला घाम फुटतो. या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. अशा वेळी जलतरणपटूला तत्काळ बाहेर घेऊन बसते करावे लागते आणि कारण दूर करावे लागते. ज्यांना हा त्रास पूर्वी झाला आहे त्यांनी तज्ज्ञांच्या लेखी योजनेशिवाय खुल्या पाण्यात उतरू नये.
- पोलिओ. पोलिओ झालेला अवयव थंडीने फार लवकर गार पडतो आणि निकामी होतो. अनेक वर्षांनंतर स्नायूंची नवी दुर्बलता आणि न उतरणारा थकवा जाणवू लागला असेल तर तो पोलिओपश्चात लक्षणसमूह असू शकतो. या अवस्थेत अधिक सरावाने ताकद वाढत नाही, उलट उरलेली घटते. सरावानंतरचा थकवा दुसऱ्या दिवशीही तसाच राहत असेल तर भार कमी करणे हाच उपाय आहे.
- अवयवच्छेदन. शरीराची त्वचा कमी असल्याने उष्णता बाहेर टाकण्याची जागाही कमी असते, आणि कोकणच्या कोमट समुद्रात हा मुद्दा थंडीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. कृत्रिम पाय काढून काही तास राहिल्यानंतर उरलेला अवयव सुजतो आणि पोहून आल्यावर तो साच्यात बसतच नाही. त्यामुळे किनाऱ्यावर उतरण्याची योजना कृत्रिम पायाच्या भरवशावर कधीही आखू नये. दाब देणारा मोजा आणि कुबड्या सोबत ठेवाव्यात.
- सेरेब्रल पाल्सी. थंड पाण्यात स्नायूंचा ताठरपणा वाढतो. काहींना सोबत फिट येण्याचाही आजार असतो. तसे असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांची स्वतंत्र आणि स्पष्ट संमती मिळेपर्यंत खुल्या पाण्याचा विचार बाजूला ठेवावा.
- स्पायना बिफिडा. ही जन्मजात कण्याची अवस्था असणाऱ्यांत लॅटेक्स रबराची ॲलर्जी बरीच आढळते. टोपी सिलिकॉनची घ्यावी आणि होडीवरील हातमोज्यांबाबतही तशी सूचना द्यावी.

औषधांची यादी तपासून घेणे हा या भेटीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मूत्राशयासाठी दिली जाणारी काही औषधे घाम कमी करतात, स्नायू शिथिल करणारी काही औषधे सुस्ती आणतात, आणि तरीही ती मोहिमेच्या दिवसासाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणे घातक असते. विशेषतः बॅक्लोफेन अचानक थांबवू नये. ज्यांना नळीने लघवी काढावी लागते त्यांनी पाणी कमी पिऊन वेळ मारून नेण्याचा मार्ग पूर्णपणे टाळावा आणि लांब पोहण्यात हे कसे सांभाळायचे हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे, कारण निर्जलीकरण आणि मूत्रसंसर्ग हे दोन्ही त्या मार्गाच्या टोकाशी उभे असतात.

संवेदना नसलेल्या त्वचेची काळजी हा वेगळा विषय आहे. अशा त्वचेला खडकावरच्या कालवांनी कापले, जेलीफिशने दंश केला किंवा होडीच्या तापलेल्या फळीने भाजले तरी कळत नाही. पोहण्यापूर्वी आणि नंतर आरशाच्या किंवा सोबत्याच्या मदतीने संपूर्ण तपासणी करावी, होडीवर जाड स्पंजची गादी ठेवावी, आणि थंडी वाजते म्हणून गरम पाण्याची पिशवी संवेदनाहीन भागावर कधीही ठेवू नये. बसून झालेली जखम भरलेली नसेल तर समुद्रात उतरणे पुढे ढकलावे.

पाण्यातील शरीराची ठेवण

पाय हलत नसतील तर ते बुडतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्नायू क्षीण झालेले पाय हलके असल्याने काहींचे पाय वर येतात आणि कमरेला बाक पडतो. ताठर पाय मात्र खाली ओढतात. म्हणून प्रशिक्षकाने पहिल्या आठवड्यात वेग न पाहता जलतरणपटूचे शरीर स्थिर पाण्यात कसे तरंगते हे पाहावे आणि डोक्याची उंची त्यानुसार ठरवावी, कारण पायांनी तोल साधता येत नसेल तेव्हा डोके हेच सुकाणू असते. मांड्यांमध्ये धरायचा फेसाचा ठोकळा, म्हणजे पुल बॉय, शिकताना उपयोगी पडतो. परंतु आपल्याला साहाय्याविना पोहायचे असेल तर त्याचा वापर दर महिन्याला कमी करत नेऊन अखेरीस थांबवावा लागतो, नाही तर पूर्ण सराव एका वेगळ्याच शरीरावर होत राहतो.

एका हाताने किंवा असमान ताकदीच्या हातांनी पोहणारा जलतरणपटू सरळ जात नाही. तलावात तळाची रेघ ही चूक झाकते, समुद्रात ती उघडी पडते आणि पाच किलोमीटरचे पोहणे सहज सहा किलोमीटरचे होते. यासाठी डोळे मिटून पंचवीस मीटर पोहून आपण कोणत्या बाजूला किती वळतो हे सोबत्याकडून मोजून घ्यावे, दर सहा ते आठ हातांनंतर पुढे पाहण्याची सवय लावावी आणि सोबतची होडी अशा बाजूला ठेवावी की श्वास घेताना ती आपोआप दिसेल. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणे इष्ट असले तरी ज्यांचे खांदे त्याला साथ देत नाहीत त्यांनी त्यासाठी झगडू नये.

खांद्याबद्दल येथे जरा थांबून सांगणे आवश्यक आहे. चाकाच्या खुर्चीवर किंवा कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाचे खांदे दिवसभर पायांचे काम करत असतात आणि संध्याकाळी तेच खांदे तलावात हजारो वेळा फिरतात. अशा जलतरणपटूचा खांदा दुखावला की केवळ पोहणे थांबत नाही. बिछान्यातून खुर्चीवर येणे, स्वच्छतागृहात जाणे, कामावर जाणे हे सर्व एकदम परावलंबी होते. म्हणून इतर जलतरणपटूंनी दुखणे सोसून पोहावे असा जो सल्ला कधी कधी ऐकू येतो तो येथे मुळीच लागू करू नये. सरावाच्या वहीत पाण्यातील अंतराबरोबर त्या दिवशी खुर्ची किती ढकलली, किती जिने चढले याचीही नोंद ठेवावी, आठवड्यातून दोनदा लवचीक पट्ट्याने खांद्याच्या मागच्या बाजूचे व्यायाम करावेत, आणि रात्री झोपमोड करणारी वेदना दिसताच फिजिओथेरपिस्टकडे जावे.

सरावाचे टप्पे: किलोमीटरऐवजी तास

बहुतेक उपलब्ध वेळापत्रके पायांचा मारा वापरणाऱ्या जलतरणपटूंसाठी किलोमीटरमध्ये लिहिलेली असतात. पाच किलोमीटरसाठी एखाद्याला दीड तास लागत असेल आणि आपल्याला अडीच तास लागत असतील, तर खाणेपिणे, तापमान, त्वचा आणि खांदा या सर्वांच्या दृष्टीने आपली मोहीम अडीच तासांची आहे. म्हणून प्रथम तलावात एक किलोमीटर सहज लयीत पोहून वेळ घ्यावी, त्यावरून अपेक्षित तास काढावेत, समुद्रातील लाटांसाठी त्यात किमान पाचव्या हिश्शाची भर घालावी आणि सराव त्या तासांसाठी आखावा. स्पर्धेत उतरायचे असल्यास तिची कमाल वेळमर्यादा याच आकड्याशी ताडून पाहावी आणि ती अपुरी असेल तर अर्जासोबतच वाढीव वेळ मागावी.

१. पाया, सुमारे चार महिने. आठवड्यातून तीन ते चार वेळा तलाव, प्रत्येक खेपेला चाळीस मिनिटे ते दीड तास. एकूण वेळ एका आठवड्यात दहाव्या हिश्शापेक्षा अधिक वाढवू नये आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. पोलिओ किंवा स्नायूंचा ऱ्हास असल्यास ही वाढ निम्मी करावी आणि दोन खेपांमध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

२. बांधणी, तीन ते चार महिने. आठवड्यातून एक लांब पोहणे. पाच किलोमीटरच्या सागरी स्पर्धेसाठी तलावात पूर्ण अपेक्षित वेळ एकदा तरी न थांबता पोहून झालेली असावी. त्याहून मोठ्या पल्ल्यासाठी सर्वांत लांब सराव अपेक्षित वेळेच्या साठ ते सत्तर टक्क्यांपर्यंत नेणे पुरेसे असते. त्याऐवजी शनिवार आणि रविवार असे लागोपाठ दोन दिवस लांब पोहणे अधिक शिकवते, मात्र खांदा ते सोसत असेल तरच.

३. खुल्या पाण्याची ओळख. आधी धरणाच्या किंवा तळ्याच्या परवानगी असलेल्या संथ पाण्यात, मग समुद्रात. पहिल्या काही खेपा अर्ध्या तासाच्याच ठेवाव्यात आणि त्यांत पोहण्यापेक्षा उतरणे, बाहेर येणे, उलटे होऊन पाठीवर विसावणे आणि मदतीची खूण करणे यांचा सराव करावा. पाठीवर किमान दहा मिनिटे निश्चिंत तरंगता येत नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

४. परदेशी थंड पाण्याची तयारी, ज्यांना ती लागणार आहे त्यांच्यासाठी. इंग्लिश खाडीसाठी सोळा अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा साक्षांकित पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे पाणी मिळत नाही, त्यामुळे डोंगरभागातील हिवाळी पाण्यात किंवा परदेशात आधी जाऊन ही सवय करावी लागते आणि खर्चाच्या अंदाजात ती धरावी लागते.

एक किलोमीटर पोहणाऱ्याला पाच किलोमीटरच्या सागरी स्पर्धेपर्यंत येण्यास सहा ते आठ महिने आणि दहा किलोमीटरच्या पुढे जाण्यास दीड वर्ष लागेल असे धरून चालणे वास्तवाला धरून आहे.

समुद्र वाचणे

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र बंद मानावा. ऑक्टोबरनंतर पाणी निवळत जाते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा याच हंगामात होते आणि तिच्यात दिव्यांगांसाठी स्वतंत्र गट ठेवले जातात, म्हणून पहिल्या सागरी अनुभवासाठी ती विचारात घेण्याजोगी आहे. मुंबईत सन्क रॉक ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे पाच किलोमीटरचे आणि धरमतर ते गेटवे हे सुमारे छत्तीस किलोमीटरचे असे दोन रूढ मार्ग आहेत. पहिल्याचा अनुभव न घेता दुसऱ्याचा विचार करू नये.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि पाण्याची ओढ जोरात असते, तर अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि ओढ मंद असते. कोळी बांधव पक्षातील तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. हा हिशेब डोक्यात असणे चांगले, तरी मोहिमेची वेळ मात्र अधिकृत भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच ठरवावी. पायांचा मारा नसलेल्या जलतरणपटूला ओढीविरुद्ध थोडा वेळ जोर लावून निसटण्याची सोय नसते. ज्या ओढीतून इतर जण दमछाक करून बाहेर पडतात तिच्यात असा जलतरणपटू जागच्या जागी राहतो. म्हणून सुरुवातीची सर्व सागरी पोहणी भांगाच्या दिवसांत ठेवावीत आणि लांब मार्गावर ओढ अनुकूल असलेले तासच निवडावेत.

उष्णतेकडेही तितकेच लक्ष हवे. जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांनुसार खुल्या पाण्यातील शर्यतीसाठी पाण्याचे तापमान सोळा ते एकतीस अंशांच्या दरम्यान असावे लागते. उन्हाळ्यात उथळ किनाऱ्यावर पाणी या वरच्या मर्यादेच्या जवळ जाते, आणि घाम न येणाऱ्या शरीराने अशा वेळी भर दुपारी पोहणे टाळावे.

होडी आणि तिच्यावरील माणसे

होडीवर तांडेल आणि निरीक्षक यांच्याव्यतिरिक्त किमान दोन सोबती असावेत आणि त्यांपैकी एकाला आपल्या दिव्यांगत्वाची वैद्यकीय बाजू पूर्णपणे ठाऊक असावी. येथे एक बारकावा जीव वाचवणारा आहे. बराच काळ पाण्यात राहून गारठलेल्या माणसाला बाहेर काढल्यावर आडवे ठेवायचे असते, तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा झटका आलेल्या माणसाला बसते करायचे असते. या दोन अवस्थांतील फरक ओळखण्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीवर लावावा.

बाहेर काढण्याची रंगीत तालीम किनाऱ्याजवळ, ताज्या शरीराने आणि थकलेल्या शरीराने अशी दोन्ही प्रकारे करावी. उंच कठड्याच्या मच्छीमार नौकेवर हाताच्या जोरावर चढणे थकलेल्या माणसाला जमत नाही. त्यासाठी कठडा कमी असलेली होडी, पाण्यात सोडता येणारी जाळी किंवा पाठीखालून जाणारा रुंद पट्टा यांची सोय असावी. बगलेत धरून ओढण्याची पद्धत खांद्याला इजा करते, ती सोबत्यांना स्पष्टपणे मना करावी.

खाण्यापिण्यासाठी दर तीस ते चाळीस मिनिटांनी थांबण्याची पद्धत आहे आणि ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असा सर्वसाधारण अंदाज धरला जातो. साखर-मीठ-लिंबाचे पाणी, नाचणीची पातळ पेज, कुस्करलेले केळे यांवर हे भागते. पोटाला काय मानवते हे सरावात तपासावे, मोहिमेच्या दिवशी नवे काही घेऊ नये. नुसते साधे पाणी भरपूर पिणे टाळावे, कारण त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. बाटली दोरीला बांधून टाकावी. ज्यांना एकाच हाताचा वापर आहे त्यांनी पाठीवर वळून पिण्याची सवय करावी आणि ज्यांना बाटली धरताच येत नाही त्यांच्यासाठी काठीच्या टोकाला लांब नळी लावलेली बाटली द्यावी. दोरी किंवा काठी जलतरणपटूला ओढत नाही हे निरीक्षकाने पाहायचे असते.

खुणा आधी ठरवाव्यात. मुंबईचे तारानाथ शेणॉय यांनी श्रवण आणि दृष्टी या दोन्हींच्या मर्यादा असताना १९८० च्या दशकात इंग्लिश खाडी पार केली, यावरून डोळ्यांना किंवा हाताला कळणाऱ्या खुणांवर एवढी मोठी मोहीम चालू शकते हे दिसते. वर उचलता येणारा हात एकच असेल तर ‘थांबा’ आणि ‘मदत हवी’ या दोन खुणा त्या एकाच हाताने स्पष्ट वेगळ्या करता आल्या पाहिजेत. थांबण्याचा अंतिम अधिकार निरीक्षकाला किंवा वैद्यकीय सोबत्याला लेखी द्यावा, कारण गारठलेल्या माणसाचा निर्णय विश्वासार्ह नसतो. नाव विचारल्यावर उत्तर अडखळत आले, हातांची गती कारणाशिवाय मंदावली किंवा दिशा वारंवार चुकू लागली तर पोहणे थांबवावे.

परवानग्या

मुंबईच्या बंदरक्षेत्रातील मोहिमेसाठी राज्य जलतरण संघटनेकडे निरीक्षकासाठी अर्ज करावा लागतो, आणि मार्गानुसार बंदर प्राधिकरण, महाराष्ट्र सागरी मंडळ, नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस यांना कळवून परवानगी घ्यावी लागते. या प्रक्रियेसाठी किमान दोन महिने राखून ठेवावेत. पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना सोबत्याचा आधार लागणार असेल, चाकाची खुर्ची पाण्याच्या कडेपर्यंत न्यावी लागणार असेल किंवा कृत्रिम पाय पाण्याच्या काठावर काढावा लागणार असेल, तर त्याची लेखी मुभा अर्जातच मागावी. मोहीम संपल्यावर अशा आधारावरून नोंद वादात सापडू शकते. विमा घेताना साहसी खेळ आणि आधीपासूनचे दिव्यांगत्व यांना वगळणारी कलमे वाचून घ्यावीत.

प्रवेश नाकारला गेल्यास

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ३ नुसार दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही. एखादी अट घातली असेल तर ती रास्त उद्दिष्टासाठीचा प्रमाणशीर उपाय आहे हे दाखवावे लागते. कलम ३० खेळांतील सहभागाविषयी आहे. क्रीडा प्राधिकरणांनी दिव्यांगांचा खेळात भाग घेण्याचा हक्क मान्य करावा, अभ्यासक्रम व सुविधा त्यानुसार बदलाव्यात आणि त्यासाठी निधी ठेवावा असे ते सांगते. ‘वाजवी सोयी’ ही या कायद्यातील महत्त्वाची संज्ञा आहे. समोरच्यावर अवाजवी भार न टाकता दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा यासाठी केलेला योग्य बदल असा तिचा अर्थ होतो. तलावावर सोबत्याला तिकिटाशिवाय काठावर थांबू देणे, पायऱ्यांजवळची रांग राखून ठेवणे, गर्दी नसलेली वेळ देणे या मागण्या तिच्यात बसतात.

व्यवहारात पुढील क्रमाने जावे.

- तलावाच्या व्यवस्थापकाला वैद्यकीय प्रमाणपत्र, यूडीआयडी ओळखपत्राची प्रत आणि हव्या असलेल्या सोयींची छोटी यादी जोडून लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.
- तोंडी नकार स्वीकारू नये. कारणासह लेखी उत्तर मागावे. बहुतेक नकार येथेच विरघळतात.
- तलाव महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असल्यास आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे आणि दिव्यांग कल्याण कक्षाकडे तक्रार करावी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित असल्याने, काठावरचा कठडा किंवा पाण्यात उतरवणारी खुर्ची यांसाठी त्या निधीचा उल्लेख करून मागणी करता येते.
- तरीही उपयोग न झाल्यास पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करावा. राज्य आयुक्तांना या कायद्याखाली तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार आहे.

सुरक्षिततेचे खरे कारण आणि सबब यांत फरक करण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे. संयोजक होडीची, निरीक्षकाची किंवा वैद्यकीय माहितीची अट घालत असतील तर ती सर्वांच्या हिताची असते आणि ती पूर्ण करावी. परंतु कोणतीही माहिती न विचारता केवळ खुर्ची किंवा कुबड्या पाहून नकार दिला जात असेल तर तो कायद्याविरुद्ध आहे. येत्या हंगामात समुद्रात उतरू इच्छिणाऱ्या वाचकांनी तलावासाठीचा अर्ज आणि डॉक्टरांची भेट ही दोन कामे पावसाळ्याची वाट न पाहता या आठवड्यातच सुरू करावीत, आणि प्रशिक्षकांनी आपल्या तलावावर येणाऱ्या पहिल्या दिव्यांग जलतरणपटूसाठी एक रांग व आठवड्यातील तीन तास राखून ठेवावेत.